फरशी आणि फरास

घरास फरशी कोणती घालावी, हा प्रश्न ज्याच्यापुढें उभा राहतो तो दुकानांत जातो, शेंपन्नास नमुने पाहतो, भाव विचारतो आणि गोंधळून घरीं येतो. आपण ज्या शब्दानें ही वस्तु मागितली त्या शब्दाच्या पोटांत एक गालिचा गुंडाळून ठेवलेला आहे, हें सहसा त्याच्या ध्यानीं येत नाहीं. 'फर्श' हा शब्द मूळचा अरबी. तो फारशींतून आपल्याकडे आला. त्याचा अर्थ पसरलेली, अंथरलेली वस्तु, म्हणजे बिछाईत. ती बिछाईत घालणारा तो फरास. आणि तंबू, कनाती, जाजमें, गालिचे हें सारें सामान जेथें राही तो फरासखाना. शिवकालीन अठरा कारखान्यांत फरासखान्याची गणना होते, आणि पुणें शहरांत त्या नांवाची जागा अद्याप आहे. मात्र तेथें आतां सतरंज्या नसून पोलीस असतात.

कापडाचें नांव दगडास लागलें, आणि पुढें तर दगडानें व सिमेंटानें कापडाचें रूपही उचललें. हें कसें घडलें तें पाहूं लागलें म्हणजे आपल्या मध्यम वर्गाच्या घराचा दीडशें वर्षांचा इतिहास पायांखालून वर येतो. राजवाड्यांचे इतिहास लिहिले गेले, देवळांचे लिहिले गेले. पण ज्या जमिनीवर आपण जेवलों, निजलों, रांगलों, तिचा कोणी विचारला नाहीं. तो थोडासा सांगावा असें आम्हीं योजिलें आहे. आणि तो सांगतां सांगतां, आज फरशी वा गालिचा घेणारानें काय पाहावें व घेतल्यावर तो कसा राखावा, हेंही ओघानें येईल.

देशावरच्या काय किंवा कोंकणांतल्या काय, घराची मूळची जमीन मातीची. जुनी जमीन उकरावयाची, तींत मुरूम व नवी माती घालावयाची, पाणी मारावयाचें आणि धुमसानें ती चोपून चोपून एकजीव करावयाची, हें काम वर्षाचें असे; आणि तिच्यावर शेणाचा काला फिरविणें हें दिवसां-दोन दिवसांचें. शेणांतील गवताचे बारीक तंतू सुकतांना मातीचे कण धरून ठेवतात, म्हणून सारवलेल्या जमिनीची धूळ उडत नाहीं. सारवणारी बाई भिंतीपाशीं आरंभ करी आणि मागें सरत सरत दाराकडे येई. तिच्या हाताचीं अर्धवर्तुळें एकावर एक अशीं जमिनीवर उमटत. ती नक्षी कोणी मुद्दाम काढीत नसे, परंतु जिच्या हाताला वळण होतें तिचें सारवण पाहूनच ओळखूं येत असे. याशिवाय पंगत उठली कीं उष्टीं काढून त्या जागेवर शेण फिरवावें लागे, तें दोन्ही वेळां. घरांत माणसें वीस असोत कीं पांच, हा नेम चुकत नसे. आणि तो पाळणारीं माणसें तीच असत, जीं सर्वांच्या मागून जेवत.

या जमिनीची थोरवी गाणारे लेख आम्हीं पुष्कळ वाचले आहेत. ती उन्हाळ्यांत थंड लागते, थंडींत दगडासारखी चावत नाहीं, अंगणांतल्या सारवणावर रांगोळी जशी खुलते तशी दुसऱ्या कशावरही खुलत नाहीं, हें सर्व खरें आहे. परंतु हे लेख लिहिणारांत जिनें गुडघे टेकून दहा खणांचें घर सारवलें आहे अशी लेखिका आमच्या वाचनांत फारशी आलेली नाहीं. पावसाळ्यांत शेण पातळ होऊन जमीन आठ आठ दिवस ओली राही, कोपऱ्यांत पिसवा होत, उंदीर भिंतीच्या कडेनें बिळें करीत. आणि हीं बिळें पुढें सबंध मुंबई इलाख्याच्या इतिहासांत शिरणार होतीं.

तत्पूर्वीं बिछाइतीबद्दल दोन शब्द. जमीन मातीची असली म्हणजे बसण्यास कांहीं तरी हवेंच. पाट, चटई, घोंगडी, सतरंजी, जाजम, आणि श्रीमंताघरीं गालिचा व त्यावर लोड-तक्के. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. आपल्याकडे ही वस्तु पायांखालीं घालण्याची नसून बसण्याची होती. जोडा दाराबाहेर राही, मग माणूस सतरंजीवर येई. कोणी कोणत्या बिछान्यावर आणि त्याच्या कोणत्या टोंकास बसावें, यांत दरबाराचें सारें राजकारण सांठविलेलें असे. लग्नाकार्यांत शेजाऱ्याची सतरंजी मागून आणणें आणि ती झटकून परत देणें हा गांवच्या व्यवहाराचा भाग होता. सतरंजीस रुईं नसतात. ती सपाट विणीची, दोन्ही अंगांनीं वापरतां येणारी. गालिच्यास ताण्याच्या दोऱ्यांवर एकेक गांठ मारून लोकरीचा मखमाली थर उभा केलेला असतो. गालिच्याची किंमत त्या गांठींत असते. म्हणून जाणता गिऱ्हाईक आधीं गालिचा उलटा करतो. पाठीवर नक्षी पोटाइतकीच स्पष्ट उमटलेली दिसली आणि गांठी दाट व सारख्या आल्या, तर माल हाताचा व चांगला. पाठीवर कापड चिकटविलेलें असेल तर तें काय झांकण्यासाठीं, हें विचारावें.

धारवाड जिल्ह्यांतील नवलगुंद येथें विणल्या जाणाऱ्या सुती जमखान्यांची परंपरा जुनी आहे. विजापूरची आदिलशाही मोडकळीस आली तेव्हां तेथून निघालेले कारागीर या गांवीं येऊन राहिले असें परंपरा सांगते. हें विणकाम तेथील मुसलमान स्त्रियाच करीत आल्या आहेत. सन २०११ मध्यें या जमखान्यांस भौगोलिक ओळखीचा हक्क मिळाला. परंतु तोंपर्यंत विणणाऱ्या घरांची संख्या अगदींच रोडावली होती. जमखाना हा शब्द आपल्या घरांतही नांदला आहे. जुन्या पिढींतील मंडळी पाहुणा येतांच जो अंथरावयास सांगत, तो हाच किंवा याचा भाऊबंद.

गालिच्याचा इतिहास इतका सरळ नाहीं. सन १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनांत हिंदुस्थानी गालिचे पाहून विलायतच्या लोकांस त्यांची चटक लागली. मागणी वाढली, आणि ती स्वस्तांत पुरविण्याचा मार्ग सरकारास सांपडला तो तुरुंगांचा. लाहोर, आग्रा, आणि आपल्याकडे पुण्याजवळचें येरवडें येथें कैद्यांच्या हातून गालिचे विणून घेण्यांत येऊं लागले. कैद्यास मजुरी द्यावयाची नाहीं, वेळेची टंचाई नाहीं. अशा मालापुढें बाजारांतल्या विणकराचा टिकाव कसा लागावा? त्यांतच सन १८५६ मध्यें पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानें डांबरापासून जांभळा रंग काढल्यानंतर एकामागून एक कृत्रिम रंग बाजारांत आले, आणि मंजिष्ठ, नीळ, हळद, डाळिंबसाल यांच्या रंगांची जागा भडक, लवकर उडून जाणाऱ्या रंगांनीं घेतली. या दोन्ही गोष्टींवर सडकून टीका करणारा गृहस्थ एक इंग्रजच होता. सर जॉर्ज बर्डवुड हे मुंबईस डॉक्टर होते, ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकवीत आणि येथील सार्वजनिक कार्यांत पुढें असत. सन १८८० मध्यें हिंदुस्थानच्या कलाकौशल्यावर त्यांनीं जो ग्रंथ लिहिला त्यांत तुरुंगांतील गालिच्यांनीं देशी विणकरांचा कसा सत्यानाश चालविला आहे तें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. साहेबांच्या दिवाणखान्यांतील आणि त्यांचें पाहून आपल्या वकील-मुनसफांच्या दिवाणखान्यांतील गालिच्यांपैकीं कित्येक अशा रीतीनें बेड्या घातलेल्या हातांनीं विणलेले होते. मालकास याची खबर असे. येरवड्याचा गालिचा असें तो अभिमानानें सांगे.

याच सुमारास आपल्याकडे खुर्ची-टेबल आलें, आणि गालिच्याचा दर्जा नकळत उतरला. जो बसण्याचा होता तो बूट ठेवण्याचा झाला. आमच्या मतें आपल्या घरांत गालिच्याची आबाळ सुरू झाली ती येथपासून. ज्या घरांत जोडे बाहेर काढतात त्या घरांत टेबलाखालीं गालिचा दाबून ठेवण्यांत ना शोभा, ना सोय.

आतां उंदरांकडे वळूं. सन १८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईंत मांडवी भागांत ग्रंथिज्वर प्रगट झाला, आणि वर्षाच्या आंत तो पुण्यास पोंचला. रोगाचा जंतू येर्सिन यानें सन १८९४ मध्यें हाँगकाँग येथें शोधून काढला होता. परंतु तो माणसापर्यंत कसा येतो हें अजून ठरलें नव्हतें. उंदराच्या अंगावरची पिसू तो आणते, हें सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें सन १८९८ मध्यें सांगितलें, आणि तेंही शास्त्रज्ञांच्या गळीं उतरण्यास आणखी कांहीं वर्षें गेलीं. तोंपर्यंत सरकारी अंमलदारांची समजूत अशी कीं, विष घराच्या जमिनींत मुरलेलें असतें. म्हणून रोगी सांपडलेल्या घरांत शिरून ते जमिनी खणून काढवीत, जंतुनाशक पाण्याचे फवारे मारीत, भिंतींस चुना फांसवीत. पुण्यास सन १८९७ मध्यें हें काम गोऱ्या शिपायांकडे दिलें गेलें. आणि त्या जुलमाची परिणति २२ जूनच्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडसाहेबांवर झालेल्या गोळीबारांत कशी झाली, तें महाराष्ट्रांतील शाळकरी मुलासही ठाऊक आहे. परंतु त्या इतिहासांतील एक बारीक गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं. शिपाई जी जमीन खणीत ती घरांतल्या बाईनें वर्षानुवर्षें सारवून घडविलेली असे. तिच्यावर देवाचा पाट मांडलेला असे, तिच्यावर तिचीं मुलें रांगलेलीं असत. कुदळ घालणारास ती घाण वाटे, आणि जिची ती जमीन तिला ती घरांतील सर्वांत पवित्र जागा वाटे. दोन माणसें एकाच वस्तूकडे पाहून इतक्या विरुद्ध गोष्टी पाहूं शकतात, याचें याहून बोलकें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. आणि येथें एक कबूल करावें लागतें: उपाय रानटी असला, तरी मातीच्या जमिनीच्या कडेनें उंदीर राहतात आणि उंदरांबरोबर मरण येतें, ही गोष्ट खोटी नव्हती.

ग्रंथिज्वरानंतर घर बांधणारांच्या बोलण्यांत 'आरोग्याची जमीन' हा विषय आला. मुंबईंत सन १८९८ मध्यें इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट निघाला, रुंद रस्ते आणि नव्या चाळी झाल्या. आणि हळूहळू इतर शहरांतही ज्याला ऐपत होती त्यानें माती काढून दगड घातला. हा दगड बहुधा शहाबादचा. शहाबाद हें गुलबर्गा, म्हणजे आतांच्या कलबुर्गी जिल्ह्यांतील गांव, त्या काळीं निजामच्या राज्यांत. तेथील चुनखडीचा दगड पुस्तकाच्या पानांसारखा थरांथरांनीं निघतो. पाचर मारली कीं सपाट लादी सुटते, करवतीची गरजच नाहीं. परंतु दगड जड, आणि बैलगाडीनें तो किती दूर नेणार? ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा रस्ता सोलापुराहून पुढें जाऊन सन १८७१ मध्यें रायचुरास मद्रास रेल्वेला मिळाला, तो शहाबादवरूनच. तेव्हांपासून ही लादी गाडींत बसून पुण्यामुंबईस येऊं लागली. आमच्याकडील चाळी, वाडे, शाळा, धर्मशाळा, स्टेशनें यांच्या जमिनी राखी रंगाच्या दिसतात त्या या आगगाडीमुळें. फरासानें पसरावयाच्या वस्तूचें नांव या पसरलेल्या दगडास मिळालें होतें, तें आतां घरोघर झालें. 'फरशी' म्हटलें कीं शहाबादी, असें पुढें दोन पिढ्या समीकरण होतें.

शहाबादी फरशीनें बाईचे गुडघे वांचविले, एवढें श्रेय तिला दिलेंच पाहिजे. ओल्या फडक्यानें पुसलें कीं झालें. तरी गंमत अशी कीं, पुष्कळ घरांत पंगतीनंतर दगडावरही शेणाचा गोळा फिरविण्याचा नेम चालूच राहिला; मातीला शेण लागत होतें म्हणून नव्हे, तर उष्ट्यास लागत होतें म्हणून. आचार हा आपल्या कारणापेक्षां दीर्घायुषी असतो. या दगडाचे दोष दोन. पावसाळ्यांत हवा दमट झाली कीं त्यास पाणी सुटतें. आणि तो चुनखडीचा असल्यामुळें आंबट वस्तूचा त्यास भारी तिटकारा. लिंबू, चिंच, आमसूल, ताक यांतील आम्ल चुन्यास खातें, आणि जेथें तें सांडून राहतें तेथें फरशी पांढुरकी व खरबरीत होते. तो डाग नव्हे, ती जखम आहे. म्हणून ती घांसून निघत नाहीं, उलट वाढते. आंबट सांडल्यास तत्काळ पाण्यानें धुणें एवढाच उपाय.

दगडाबरोबर मुंबईंत दुसरी एक वस्तु आली होती, ती विलायतेहून. इंग्लंडांतील स्टोक गांवच्या मिंटन यांच्या कारखान्यांत दोन रंगांच्या मातीची फरशी करीत. साच्यांत दाबलेल्या ओल्या मातीवर नक्षीचे खळगे उठवावयाचे, त्यांत दुसऱ्या रंगाची पातळ माती ओतावयाची, मग सुकवून, घांसून भट्टींत भाजावयाचें. मध्ययुगांतील मठांत ही कला होती, मधें ती विसरली गेली. सन १८३० मध्यें सॅम्युअल राइट यानें तिचें पेटंट घेतलें आणि मिंटननें ती भरभराटीस आणली. नक्षी पृष्ठावर रंगविलेली नसून आंत भरलेली असल्यामुळें शेंकडों पावलें पडलीं तरी ती लगेच जात नाहीं. कुलाब्याच्या अफगाण चर्चांत या फरश्या आहेत, आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेंतील पदार्थसंग्रहालयांतही आहेत. सन १८७२ मध्यें उघडलेलें हें संग्रहालय, आतांचें डॉक्टर भाऊ दाजी लाड यांच्या नांवाचें, ज्या मंडळींच्या खटपटीनें उभें राहिलें त्यांत खुद्द भाऊ दाजी, जगन्नाथ शंकरशेट आणि वर सांगितलेले बर्डवुडसाहेब होते. हिंदी कारागिराचें हस्तकौशल्य जतन करावें म्हणून झटणाऱ्या माणसांच्या या इमारतीस जमीन मात्र विलायतच्या कारखान्याची मिळाली, हा त्या काळाचाच गुणधर्म. सन २००८ मध्यें जीर्णोद्धारानंतर तें पुनः खुलें झालें. वाचकांनीं तेथें गेल्यास कपाटांबरोबर खालींही पाहावें.

मिंटनची फरशी सामान्य गृहस्थाच्या आटोक्याबाहेरची. त्याच्या घरांत नक्षी आली ती सिमेंटाच्या फरशीनें. हिचा जन्म गेल्या शतकामागच्या शतकाच्या मध्यास दक्षिण फ्रान्स व स्पेनांतील कातालोनिया या बाजूचा. हिला भट्टी लागत नाहीं, हेंच हिचें वैशिष्ट्य. आठ इंच चौरस पोलादी साच्यांत पातळ पत्र्याची जाळी ठेवतात; तिचे कप्पे म्हणजे नक्षीच्या पाकळ्या. कारागीर एकेका कप्प्यांत पळीनें एकेक रंग ओततो. हा रंग म्हणजे पांढरें सिमेंट, संगमरवराची भुकटी व खनिज रंग यांचा काला. मग तो जाळी अलगद उचलतो. हात थरथरला कीं रंग रंगांत मिसळला आणि फरशी गेली. त्यावर कोरडें सिमेंट व वाळू पसरून दाबयंत्राखालीं दाबतात. कोरडा थर वरच्या रंगांतील पाणी ओढून घेतो आणि दोन्ही एकजीव होतात. नंतर फरशी पाण्यांत मुरवून, सावलींत कित्येक दिवस ठेवून पिकवितात. एक माणूस एका वेळीं एकच फरशी करूं शकतो. आजही यांत फरक पडलेला नाहीं.

प्रथम या फरश्याही परदेशांतून येत. सन १९२२ मध्यें, स्वदेशीच्या भरांत, फिरोजशा व रुस्तम सिधवा या पारशी चुलत्या-पुतण्यांनीं 'भारत' नांवानें त्यांचा कारखाना काढला. देशांत सिमेंट तयार होऊं लागलें होतें. पोरबंदरचा कारखाना सन १९१४ पासून चालू होता. खादीसारखी फरशीही स्वदेशी असावी, हा विचार आज कोणास हंसूं आणील. परंतु ज्या पिढीनें तो केला तिला घराच्या जमिनीपासून देशाच्या जमिनीपर्यंत एकच धागा दिसत होता. हा कारखाना अद्याप चालू आहे. पुढें असे कारखाने ठिकठिकाणीं निघाले. आणि दादर, माटुंगा, गिरगांव, पुण्याचें डेक्कन, नागपूर, बडोदें येथील नव्या मध्यम वर्गाच्या घरांत लाल, पिवळी, काळी, हिरवी अशी फरशी बसली.

आतां या फरशीची मांडणी पाहा. खोलीच्या चारी भिंतींलगत एकरंगी पट्टा. त्याच्या आंत वेलबुट्टीचा कांठ, कोपऱ्यांत कोपऱ्याची वेगळी फरशी. आणि मधें भरलेलें फुलांचें किंवा चौकड्यांचें मैदान. हा गालिचा आहे! कांठ, कोपरे, मैदान, सगळें त्याचेंच. ज्या कुटुंबास गालिचा घेण्याची ऐपत नव्हती, आणि घेतला असता तरी मुंबईच्या पावसाळ्यांत ज्याचा तो टिकला नसता, त्यानें सिमेंटाचा गालिचा एकदांच पसरला, आणि तो गुंडाळण्याचें, झटकण्याचें कामच ठेवलें नाहीं. फरशी हा शब्द आपल्या मूळ अर्थाकडे परत आला, तो असा. त्या घरांतील मुलांनीं फुलांवरून उड्या मारण्याचे खेळ काढले, आजारी माणसांनीं पडल्या पडल्या पाकळ्या मोजल्या. पाहुण्यानें कोणत्या चौकटीशीं बसावें हेंही पुष्कळ घरांत न बोलतां ठरलेलें असे. आमच्या मतें आपल्याकडे आलेल्या फरश्यांत घरगुती सौंदर्य आणि टिकाऊपणा यांचा मेळ हिच्याइतका दुसरीस साधला नाहीं.

पुढील हकीगत थोडक्यांत सांगण्याजोगी आहे. स्वातंत्र्यानंतर संगमरवराच्या कपच्या घातलेली मोझेक फरशी आली आणि तीस-चाळीस वर्षें तिनें राज्य केलें. शहाबादी मोरींत व गॅलरींत गेली. नंतर संगमरवर, ग्रॅनाइट, आणि आतां गुजराथेंतील मोरवीच्या कारखान्यांतून येणारी 'व्हिट्रिफाइड' फरशी. ही सुमारें बाराशें अंशांवर भाजलेली, कांचेसारखी घट्ट. आपल्या वजनाच्या शेंकडा अर्ध्याहूनही कमी पाणी ती पिते, म्हणून डाग धरीत नाहीं. राखण्यास इतकी सोपी फरशी पूर्वीं नव्हती. परंतु तिच्यावरची नक्षी यंत्रानें छापलेली. कधीं संगमरवराची नक्कल, कधीं लांकडाची, आणि हल्लीं तर जुन्या सिमेंटी फरशीचीही! वरचा टवका उडाला कीं आंतलें अंग दिसतें. गुळगुळीत जातीची घेतल्यास ओल्या पावलाखालीं ती निसटते. म्हातारीं माणसें असलेल्या घरांत न्हाणीघरापाशीं व स्वयंपाकघरांत खरबरीत अंगाचीच घालावी. दुकानदार दिव्याखालीं चकाकणारी दाखवितो, पण पाय घसरतो त्या वेळीं दुकानदार तेथें नसतो.

ज्याच्या घरांत जुनी सिमेंटी फरशी आहे त्यानें ती काढण्याची घाई करूं नये. ती मंद झालेली असते, मेलेली नसते. सर्वांत मोठा शत्रु गवंडी. तो शेवटीं तेजाबानें फरशी 'साफ' करून देतो, आणि एका सकाळीं पन्नास वर्षांची झळाळी जाते, कारण सिमेंटासही आम्ल तसेंच खातें जसें शहाबादीस. साधें पाणी, थोडा सौम्य साबण, आणि भरपूर पुसणें, एवढेंच तिला लागतें. पावलांनीं आणि फडक्यानें तिला जी चकाकी येते ती कोणत्याही पॉलिशानें येत नाहीं. रेतीचे बारीक कण मात्र वेळींच झाडावे. फरशीस झिजविणारा कानस तोच. लाल कोब्याच्या जमिनीस अधूनमधून खोबरेल तेलाचा हात देण्याची जुनी रीत चांगली आहे, परंतु तेल फडक्यास लावावें, जमिनीवर ओतूं नये. आणि नवी फरशी घेतांना सर्व खोकीं एकाच भट्टीचीं आहेत कीं नाहींत तें पाहून, हिशेबापेक्षां शेंकडा पांच-दहा अधिक घ्यावी. तीच छटा पुन्हां मिळत नाहीं.

ज्यास गालिचा वा सतरंजी ठेवावयाची आहे त्यानें ती बसण्यासाठीं ठेवावी हें बरें. रंग कच्चा आहे कीं पक्का, हें पांढरें ओलें फडकें दाबून घांसलें कीं कळतें. लोकरीस कसर लागते ती अंधारांत आणि न हालविलेल्या जागीं, म्हणजे कपाटाखालीं गेलेल्या टोंकास. म्हणून वर्षांतून दोनदां तरी गालिचा फिरवून टोंकें बदलावीं, उलटा टाकून पाठीवर झोडपावा, आणि पावसाळा संपल्यावर सकाळच्या कोंवळ्या उन्हांत घालावा. दुपारचें ऊन रंग खातें. ठेवतांना घडी घालूं नये, घडीवर ताणा तुटतो. मखमाल आंत ठेवून गुंडाळावा आणि गुंडाळींत निंबाचा सुका पाला किंवा डांबराच्या गोळ्या घालाव्या. कोंकणपट्टींत आषाढ-श्रावणांत तो जमिनीवर न ठेवणेंच श्रेयस्कर.

मुंबईपुण्याच्या जुन्या चाळी आणि इमारती पाडून उंच घरें बांधण्याचें काम हल्लीं जोरांत चालू आहे. त्यांतील पुष्कळ फरश्या राडारोड्यांत जातात. थोड्या जुन्या बाजारांत दिसतात. जेथें फरशी चुन्यावर बसविलेली असेल तेथें ती छिनीच्या हलक्या ठोक्यानें अख्खी सुटते. सिमेंटावर बसविलेली बहुधा फुटते. म्हणून घर सोडण्यापूर्वीं एका कोपऱ्यांत, कपाटाखालच्या जागीं, एक फरशी उचलून पाहावी. सुटत असतील तर कांठाच्या आणि कोपऱ्यांच्या आधीं काढाव्या, कारण मैदानाच्या पुष्कळ असतात आणि कोपऱ्याच्या खोलीगणिक चारच. काढलेल्या फरश्या आडव्या रचूं नयेत. उभ्या, तोंडाला तोंड लावून, मधें कागद घालून ठेवाव्या, आणि कोणती कोणाशेजारीं होती तें पाठीवर खडूनें लिहावें.